सुमनच्या हाताने मोजलेलं मैदान

काल ऑफिसातून दमून आलो, तर माझी नऊ वर्षांची मुलगी शाळेसाठी काथ्याच्या दोरीने गॅलरी मोजत होती. त्या काथ्याच्या वासाने मला गारगोटी गावातली माझी शाळा आठवली.

चौथीत बाईंनी आम्हाला अशीच दोरी दिली होती. हात-हात अंतरावर गाठी मारायच्या आणि मैदान मोजायचं. प्रत्येकाचा हात वेगळा, म्हणून उत्तरही वेगळं. माझं १८४ आलं, बुटक्या सुमनचं २१२. आम्ही तासभर भांडलो.

"बाई, खरं किती हाय ते सांगा की!" मी रडकुंडीला आलो होतो.

"मला न्हाय ठावं. तुम्हीच ठरवा," म्हणत बाई पायरीवर शेंगा सोलत बसल्या.

शेवटी सगळ्यांनी सुमनचाच हात माप म्हणून धरायचं ठरवलं. बाईंना आकडा माहीत असूनही त्यांनी सांगितला नाही, याचा मला कितीतरी वर्षं राग होता.

काल बूट काढता काढता मी मुलीला म्हणालो, "अकरा फूट आहे. फरशी मीच बसवून घेतलीय."

तिने दोरी गुंडाळली. "मग आता मी काय करू, बाबा?"

बाई तेव्हा तासभर नुसत्या शेंगा सोलत बसल्या नव्हत्या.