चुकलेले कवच आणि थांबवलेले पुस्तक

संशोधनासाठी नाव नोंदवायला मी प्रथम डॉ. पुंडलिक झाडे सरांसमोर उभी राहिले, तेव्हा त्यांनी माझे गुण विचारले नाहीत. “ऑक्सिजन-१७ मधला नववा न्यूट्रॉन कुठं बसते?” एवढेच विचारले. अणुगर्भातले कण कवचांत, म्हणजे ऊर्जेच्या थरांत बसतात; आठ न्यूट्रॉनांनी आतली कवचे भरतात, म्हणून नववा पुढच्या कवचात, असे मी सांगितले. “हे पुस्तकानं सांगितलं, का कोणी मोजून पाहिलं?” पुस्तकातच वाचले, असे मी कबूल केले. सरांनी प्रयोगांचे शोधनिबंध माझ्या हाती ठेवले आणि सोमवारपासून यायला सांगितले.

अणुगर्भांचे कवचांनुसार वर्गीकरण हे सरांचे आयुष्यभराचे काम. माझे काम रुळले तोवर याच विषयावरचे त्यांचे पुस्तक छपाईला गेले होते. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि निरोपसमारंभातच त्याचे प्रकाशन व्हावे, असे विभागाने ठरवले होते. त्याच सुमारास माझ्या गणितात एक अणुगर्भ सरांच्या पुस्तकातल्या तक्त्याशी जुळेना. त्याचा शेवटचा न्यूट्रॉन सरांनी मांडलेल्या कवचात नव्हताच. तो हलला की शेजारच्या अणुगर्भांचे वर्गही हलत होते. आठ दिवस मी हे कोणाजवळ बोलले नाही. हुडकेश्वर भागातल्या माझ्या भाड्याच्या खोलीवर तेच गणित पुन्हा पुन्हा केले. अखेर कागद सरांपुढे ठेवले.

सरांनी तीन दिवस ते तपासले. मग मला बोलावले.

“तुझं बरोबर आहे. पण काहून लपवून राहिली होती वं? अणुगर्भाले माझी भीड नाही, मग तुले काहून असावी?”

माझ्यासमोरच त्यांनी छपाई थांबवायला फोन केला. एक सहकारी म्हणाले, “सर, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू.” सर शांतपणे म्हणाले, “चूक माहीत असून पोरांच्या हाती कशी देऊ?”

निरोपसमारंभ पुस्तकाविना झाला. मी मागच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. भाषणात सरांनी स्वतःची चूक फळ्यावर काढून समजावली आणि मला नावाने हाक मारून पुढे बोलावले. सभागृहात टाळ्या वाजत होत्या. मला मात्र समोरचे काही दिसत नव्हते. दोन वर्षांनी पुस्तक आले, तेव्हा तो भाग माझ्या नावाने होता.

प्रबंध लिहीत असतानाच मला मुलगी झाली आणि मी तो सोडायला निघाले होते. तेव्हा सरांच्या पत्नी सुशीलाताईंनी धरमपेठेतल्या घरी पाळणा बांधला. आतल्या खोलीत त्या बाळाला जोजवत, बाहेर सर माझी प्रकरणे वाचत. त्या उपकाराचा उच्चार दोघांनीही कधी केला नाही.

आज सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांची दृष्टी स्वच्छ राहो, पायांत बळ राहो, सुशीलाताईंची सोबत लाभो. खरे सांगायला बिचकणाऱ्या आणखी पुष्कळ मुलामुलींना त्यांचे दार उघडे मिळो, हीच आम्हा सर्व विद्यार्थ्यांची मनापासून प्रार्थना.