बारीक अक्षराचं भिंग

आमच्या वाशी तालुक्यात बलभीमरावांइतका पेपर कुणी उलगडला नसेल. उलगडला म्हणतो, वाचला म्हणत नाही. सकाळी स्टँडवरच्या हॉटेलात बाकडं अडवून ते दोन तास पेपर धरून बसायचे. शेजारचा मोठ्यानं वाचायला लागला की मान हलवायचे आणि दुपारी तेच आम्हाला स्वतःचं मत म्हणून ऐकवायचे. या माणसाला अक्षरओळख नाही, हे फक्त त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना ठाऊक होतं; मला नुसता संशय होता. सही तेवढी झोकदार. त्या सहीवर गडी शाळा समितीचा अध्यक्षही होऊन गेला. कुणी कागद पुढं केलाच तर चष्मा नेमका घरी राहिलेला असायचा. गेली चार वर्षं तर मोतीबिंदूच मदतीला आला होता. इतका लाडका मोतीबिंदू मी दुसरा पाहिला नाही.

पण मुलगा इंद्रजित ऑपरेशनसाठी हटून बसला. माझ्याच गाडीतून आम्ही धाराशिवच्या एका खाजगी दवाखान्यात गेलो. तिथं निकिता नावाची मुलगी भिंगं समजावून सांगायला बसली होती. साधं बसवलं तर लांबचं दिसेल, वाचायला चष्मा लागेल. भारीतलं बसवलं तर लांबचं, मधलं, जवळचं, सगळं बिनचष्म्याचं. मग तिनं विचारलं, "आजोबा, वाचन किती करता?"

या एका प्रश्नाला खरं उत्तर दिलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण समोर पोरगा, शेजारी मी.

"रोज पेपर," बलभीमराव म्हणाले. "बारीक अक्षरासकट."

"साधंच बसवा," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "त्यास्नी लांबचं दिसलं तरी लई झालं."

"आये, आबाच्या डोळ्यापायी चिंगूसपणा करतीस व्हय?" इंद्रजित चिडला. नवऱ्याची अब्रू झाकायला बाईनं तो आळ मुकाट्यानं अंगावर घेतला.

दोन्ही डोळ्यांत भारीतलं भिंग बसलं. आबाला आता औषधाच्या बाटलीवरचंही वाचता येतं, असं इंद्रजित गावभर सांगत सुटला. झालं. जो तो कागद घेऊन दारात. शेजारच्या गुलाबरावांनी पोराची लग्नपत्रिकाच हातात दिली. "आबा, नावं बरोबर छापलीत का, बघा."

बलभीमरावांनी ती बराच वेळ न्याहाळली. "अंधुक दिसतंय," ते म्हणाले. "भिंग फसवं निघालं."

दुसऱ्याच दिवशी पुन्हा माझी गाडी, पुन्हा तोच दवाखाना. निकितानं वाचायला कार्ड दिलं. "काय बी दिसंना," बलभीमराव म्हणाले. इंद्रजितनं आवाज चढवला, पैसे घेऊन आबाचे डोळे घालवले म्हणाला. पोरीचा चेहरा उतरला. मला राग आला, तो बलभीमरावांचा. एवढ्याशा पोरीच्या नोकरीवर आलं तरी म्हाताऱ्याच्या तोंडून खरं निघेना.

डॉक्टरांनी मशीनवर डोळे तपासले. भिंग जागच्या जागी होतं. त्यांनी वाद घातला नाही, कार्ड फक्त उलटं केलं. मागच्या बाजूला अक्षरं नव्हती. तीन दातांच्या फणीसारख्या आकृत्या होत्या, कुणाचे दात वर, कुणाचे खाली, कुणाचे बाजूला.

"आजोबा, दात कुठल्या बाजूला आहेत ते बोटानं दाखवा."

बलभीमराव खुलले. जन्मात पहिल्यांदा पास होण्यासारखी परीक्षा आली होती. वर, खाली, डावीकडं, उजवीकडं करत ते शेवटच्या ओळीपर्यंत गेले. ती ओळ मलाही नीट लागत नव्हती. एक चूक नाही. मग त्यांनी ऐटीत आमच्याकडं पाहिलं.

इंद्रजित कार्डाकडं बघत राहिला, मग आईकडं. लक्ष्मीबाईंनी मान खाली घातली. "चुकलं ताई," तो निकिताला म्हणाला.

परतताना येडशीला चहाला थांबलो. बलभीमराव खुशीत होते. इंद्रजित भिंतीवरची पाटी कुणी न विचारता मोठ्यानं वाचायला लागला, सावकाश, एकेका शब्दावर बोट रोखून. "चहा. भजी. मिसळ."

"दिसतंय की मला," बलभीमराव म्हणाले.

"व्हय आबा," तो म्हणाला, "दिसतंय म्हणूनच वाचून दावतुया."