बोर्लीचा वन्स मोअर

प्रोफेसर बोलायला लागले की आधी छत्री पडायची.

ती बारा महिने त्यांच्या काखेत असे. मुद्द्यावर आले की ते दोन्ही हात समोर धरायचे, डाव्या हाताची बोटं उजव्या हाताच्या बोटांत अडकवायचे आणि म्हणायचे, "हे असं व्हायला पाहिजे." हात पुढे गेले की काख सुटायची आणि छत्री धप्पकन खाली. कुणीतरी ती उचलून द्यायचं, ते "हां, हां" करून पुन्हा काखेत घ्यायचे आणि पुढच्या मुद्द्याला पुन्हा धप्प. आमच्या वाचनालयात पहिल्या रांगेतली मंडळी छत्री झेलायच्या तयारीनेच बसत.

डावा हात म्हणजे विद्यापीठ. उजवा म्हणजे नाटक कंपनी. कधी छापखाना, कधी पेणच्या गणपतींचे कारखाने, कधी सिनेमावाले. उजवा बदलायचा, डावा कायम. "इकडे नुसतं वाचतात, तिकडे नुसतं करतात. दोघांची एकदा गाठ घालून द्या, पुढचं त्यांचं ते बघतील." लग्नं जुळवणारी माणसं तुम्ही पाहिली असतीलच, दोन्हीकडचे पोहे खाऊनही न थकणारी. प्रोफेसर त्या जातीचे. फक्त त्यांच्या दोन्ही पक्षांना लग्नच करायचं नव्हतं.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. मुंबईच्या एका कॉलेजात ते मराठी शिकवायचे आणि विद्यापीठातर्फे गावोगाव व्याख्यानं द्यायला यायचे. आगरदांड्याला होडीत बसून खाडी ओलांडायची, दिघीला उतरायचं, तिथून मिळेल त्या वाहनाने आमच्या बोर्लीला. मी बोर्लीच्या वाचनालयाचा चिटणीस होतो. चिटणीस म्हणजे कंदिलाच्या काचा पुसणारा आणि अध्यक्षांचा हार आणणारा. व्याख्यानाचा दिवस ठरवणं हे एकच डोक्याचं काम माझ्याकडे होतं, आणि तेही मी एकदा बाजाराच्या दिवशी ठरवलं. म्हटलं, गर्दी होईल. गर्दी झालीही. मग बाहेरून "म्हावरं आलं" अशी कोळणीची हाक आली आणि आत अध्यक्ष, मी आणि जमिनीवरची छत्री एवढेच उरलो. मी माफी मागायला पुढे झालो तर प्रोफेसरच विचारतात, "ताजं मिळालं ना हो लोकांना?"

असा माणूस. आता अशा माणसाचं मी काय केलं ते सांगतो.

त्या वर्षी एक नाटक कंपनी बोर्लीत येऊन अडकली होती. कनाती फाटलेल्या, पडद्यांचे रंग उडालेले, आणि पन्नाशी उलटलेले मालक स्वतःच तरुण नायक. पावसाळा कुठे काढायचा याची सगळ्या बिऱ्हाडाला चिंता. प्रोफेसरांनी ही कंपनी पाहिली आणि त्यांची बोटं एकमेकांत गेली ती सुटलीच नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी आपले विद्यार्थी आणले. मुलांनी कंपनीत राहून काम शिकायचं, कंपनीने मुलांचं वाचलेलं वापरायचं. विद्यापीठाला पटलं तर दर वर्षी असंच व्हायचं, आणि पावसाळ्यात कंपनीची माणसं कॉलेजात शिकवायला जायची, मास्तरांसारखी पगारावर. अशा योजनेसाठी आधीची दोन वर्षं अर्ज करकरून प्रोफेसरांनी आता तीन माणसांची समिती बोर्लीला येऊन नाटक बघेल इथपर्यंत गाडी आणली होती.

सुरुवातीला दोन्ही पक्षांचं काही जमेना.

"प्रोफेसर," मालक म्हणाले, "पुस्तक वाचून घाम येत नाही. नाटकाला घाम लागतो."

"तेच तर म्हणतो मी. तुमचा घाम आमच्या मुलांना द्या."

एक विद्यार्थी म्हणाला की रंगभूमीवर वास्तव दिसलं पाहिजे. मालक म्हणाले, "ते घरी फुकट दिसतं बाळ. मग तिकीट कशाचं काढायचं?"

शेवटी तोड निघाली. नाटक एका तांडेलाचं होतं, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याचं. पहिले दोन अंक कंपनीच्या रिवाजाने गाण्यांचे, मालक जरीचा फेटा बांधून होडीवर. तिसरा अंक मुलांनी नव्याने लिहायचा. त्या अंकात होडी परत येत नाही आणि तांडेलाची आई वाट बघते. जुन्या नाटकात ती आई लांबलचक गाणं म्हणायची. मुलं दिघीच्या कोळीवाड्यात जाऊन बायकांजवळ बसली, आठवडाभर बसली, आणि परत येऊन त्यांनी ते गाणंच काढून टाकलं.

आईचं काम करणारे कंपनीतले अप्पा, जन्मभर बायकांचे पार्ट केलेले. ते खवळले. "गाणं नाही तर मी स्टेजवर करू काय?"

"सुकट निवडा," एक विद्यार्थी म्हणाला.

तालमीला मी हजर होतो. अप्पा सुपात सुकट घेऊन बसले. निवडायला लागले. मध्येच हात थांबायचा, मान दाराकडे वळायची, पुन्हा हात चालू. बराच वेळ एवढंच. आणि मग कुणाकडेही न बघता, घरात बोलतात तशा आवाजात, "पेज निवत ठेवलीय रं. ये लवकर." मालक विंगेत उभे होते, त्यांनी तोंड फिरवून नाक शिंकरलं. प्रोफेसरांची छत्री केव्हाच खाली पडली होती. ती उचलायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही.

समितीने हा अंक बघायला हवा होता. बाकी नाटक कसंही झालं असतं तरी चाललं असतं.

प्रयोग दुपारी ठेवला. समितीची मोटार आगरदांड्याला उभी राहणार होती आणि ओहोटी लागायच्या आत त्यांना दिघीहून होडीत बसायचं होतं. पाणी उतरलं की धक्क्याशी गुडघाभर चिखल. सगळं हिशोबात बसत होतं. मालकांना तेवढी एक धास्ती होती. "चिटणीस, मोठे लोक समोर असले की पब्लिक खोकत पण नाही. दाद नाही मिळाली तर समितीला वाटेल, मेलेली कंपनी दाखवायला आणलं."

मी म्हटलं, माझ्यावर सोडा. आमच्या घरात हे वाक्य मी उच्चारलं की बायको भांडी उचलून आत ठेवते. मालकांना ते माहीत नव्हतं.

दिघीचा गणा कोळी माझ्या ओळखीचा. छाती अशी की खाडीच्या ह्या काठावरून हाक मारली तर त्या काठावरचा माणूस वळून बघेल. त्याला आणि त्याच्या दोस्तांना मी फुकट बसवायचं कबूल केलं.

"गणा, माझ्या टोपीकडे बघायचं. टोपी काढली की 'वन्स मोअर'."

"आन् गानं नाय आवडलं तर?"

"तरी."

"तिकीट नाय ना पन?"

"नाही."

"मंग आवडंल."

वर मी त्याला बजावलं की मी हात हलवीन, तोंडाने काही सांगेन, तिकडे लक्ष द्यायचं नाही. समितीला संशय यायला नको. फक्त टोपी. हा बारकावा सुचल्याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता.

वैशाखातली दुपार, कापडी मांडव, आणि समितीच्या मागे हातात पंखा घेऊन मी. पहिलं गाणं झालं. मी टोपी काढली. मागून असा गजर झाला की समितीचे प्रमुख खुर्चीत उडाले. मालक क्षणभर गोंधळले. कितीतरी वर्षांत त्यांना कुणी वन्स मोअर दिला नव्हता. त्यांनी लवून नमस्कार केला आणि गाणं पहिल्याहून दीडपट तानांनी म्हटलं. प्रोफेसर मागे वळून माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, जमलं.

दुसरं गाणं संपलं तेव्हा मी फक्त घाम पुसला. घाम पुसायचा म्हणजे टोपी काढायची, ही माझी लहानपणापासूनची रीत. पुन्हा गजर. मालक पुन्हा लवले. कंपनीचा नियमच तसा, वन्स मोअर मिळाला की नाकारायचा नाही, तो प्रेक्षकांचा अपमान. मी टोपी घट्ट बसवली. पण वेळ चालला होता, वेळ चालला म्हणून घाम फुटत होता, घाम डोळ्यांत उतरला की हात आपोआप वर जात होता. मी मागे वळून हातांनी "नको, नको" केलं. गणाने हातांकडे पाहिलं नाही. सांगितलेलं इतकं तंतोतंत पाळणारा शिष्य प्रोफेसरांनाही कधी मिळाला नसेल.

उठून त्याच्याकडे जावं तर मध्ये माणसं गच्च बसलेली. शेवटी मी टोपी काढून मांडीखालीच घातली, म्हटलं कटकट संपली. डोक्यावर टोपी नाही एवढंच गणाने आणि त्याच्या दोस्तांनी पाहिलं. आता ते थांबेचनात. मालक घामाने निथळत, आवाज फाटत आलेला, आणि चेहऱ्यावर जन्माचं सुख. मी टोपी पुन्हा डोक्यावर घालेपर्यंत दुसरा अंक पहिल्याच्या दुप्पट झाला होता.

तो संपता संपता दिघीहून निरोप आला. पाणी उतरायला लागलंय, यायचं तर आत्ता या, नाहीतर रात्रीच्या भरतीला. समिती उठली.

प्रोफेसर त्यांच्या मागून मांडवाबाहेर गेले. "साहेब, तिसरा अंक. तिसराच अंक बघायचा आहे."

"फार रंगलं हो," प्रमुख म्हणाले, "पण गाणी आम्हाला मुंबईत ऐकायला मिळतात."

दिघीला नेणाऱ्या भाड्याच्या गाडीच्या खिडकीशी वाकून प्रोफेसर काहीतरी समजावत होते. त्यांनी बोटं अडकवली. छत्री पडली. गाडी निघाली. ह्या वेळी छत्री मी उचलली.

आत येऊन ते समितीच्या रिकाम्या खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर बसले. उरलेल्या दोन खुर्च्यांवर हार पडले होते. तिसरा अंक सुरू झाला. अप्पांनी सूप पुढे घेतलं. हात थांबला, मान दाराकडे वळली. "पेज निवत ठेवलीय रं. ये लवकर." मागे बायकांत कुणीतरी हुंदका दाबला. माझ्या मनात आलं, निदान अप्पांना तरी दाद मिळावी, आणि पडदा पडताना मी मुद्दाम, नीट, टोपी काढली. कुणी ओरडलं नाही.

बाहेर मी गणाला विचारलं. तो माझ्याकडे बघेना. म्हणाला, "तिथं कोन वरडंल, चिटनीस? माजी आय बसली व्हती."

मी सरळ प्रोफेसरांकडे गेलो. सगळं सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो, शपथेवर सांगतो. ते मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "पाहिलंत ना? लोकांनी गाणी सोडली नाहीत. मी मुंबईत इतकी वर्षं ओरडतोय की लोक तयार आहेत, आपणच तयार नाही. मलाच कधी कधी शंका यायची हो. आज गेली."

आता तुम्ही सांगा, काय बोलणार? मी टोपी डोक्यावर खाली ओढली आणि म्हटलं, "हो, फार रंगलं."

समितीने जे पाहिलं तेच लिहिलं: गाणी चांगली, शिकण्यासारखं काही नाही. कंपनीने पावसाळा कसाबसा काढला आणि दसऱ्यापर्यंत मोडली. राजवाड्याचा पडदा पुढे कितीतरी दिवस बोर्लीच्या बाजारात एका मसालेवाल्याने उन्हासाठी बांधला होता. महालाचे खांब, खाली हळद-मिरची. मी त्या गल्लीतून जायचं टाळायचो. अप्पा अलिबागकडे कुणा भाच्याकडे गेले असं ऐकलं. मालकांनी मात्र जाताना माझे दोन्ही हात धरले. "चिटणीस, शेवट गोड केलात," म्हणाले. ते हात मला अजून लागतात.

प्रोफेसर अर्ज करत राहिले. प्रत्येक अर्जात, प्रत्येक सभेत बोर्लीची ती दुपार. मी मुंबईला गेलो की ते चारचौघांत मला पुढे करायचे, "हे प्रत्यक्ष होते, यांना विचारा." आणि मी सांगायचो. सांगता सांगता माझी गोष्ट वाढत गेली. पुढे पुढे तर बोर्लीचे लोक उभे राहून ओरडायला लागले. तिसऱ्या अंकापर्यंत मी कधी जात नसे. गाण्यांवरच थांबायचो, ते हसायचे, आणि कुणीतरी छत्री उचलून द्यायचं.

साठ साल उलटून गेल्यावर एकदा त्यांच्या मुलीचा निरोप आला की बाबांना बरं नाही. श्रीवर्धनची सुपारी घेऊन गेलो. चावायला दात नव्हते, ते ती नुसती हातात धरून बसले. छत्री खुंटीला होती. आवाज अगदी खोल गेला होता. मुलीकडे बघून म्हणाले, "हिला बोर्लीचं सांगा."

मी सांगितलं. नेहमीचंच. लोक कसे उठले, मालक कसे लवले. सांगून झालं तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. झोप लागली असं वाटून मी उठायला लागलो. खोलीत उकडत होतं. मी टोपी काढली आणि घाम पुसला.

"वन्स मोअर," प्रोफेसर म्हणाले.

डोळे उघडे होते, आणि ते टोपीकडे बघत होते. ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू. त्यांना कधीपासून माहीत होतं, कुणी सांगितलं, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही, आणि पुढे विचारायला ते राहिले नाहीत.

मी पुन्हा खाली बसलो. टोपी मांडीवर ठेवली. ह्या वेळी गाण्यांवरून भरभर पुढे गेलो. मालक नाहीत, गजर नाही, समिती नाही. अप्पांनी सूप पुढे घेतलं तिथून हळू सुरू केलं. हात थांबतो, मान दाराकडे वळते, पुन्हा हात चालू. ते वाक्य मला अप्पांसारखं म्हणता आलं नाही. जमलं तसं म्हटलं.

चादरीवर त्यांचे दोन्ही हात सावकाश जवळ आले आणि बोटं एकमेकांत गेली. छत्री खुंटीलाच होती. पडायला काही नव्हतं.