सावलीसकट फोटो

नैरोबीहून लग्न करून राजूरला आले तेव्हा माझ्याजवळ एक कॅमेरा होता आणि मला भाकरी थापता येत नव्हती. गावात जास्त चर्चा भाकरीची झाली.

मुलगी सहा महिन्यांची असताना सोसायटीच्या चेअरमनांचा सत्कार ठरला. ठरवणारे त्यांचेच मेहुणे, हारही त्यांनीच आणवलेले. जालन्याचा फोटोग्राफर ऐनवेळी आला नाही, म्हणून मला बोलावणं आलं. हा फोटो बिघडला तर गावात पुन्हा कुणी मला काम देणार नाही, हे मला न सांगताच कळत होतं. मुलगी कडेवरून उतरेना. तिला तशीच घेऊन मी तिवईवरच्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं. ऊन पाठीवर होतं.

माहेर समुद्रापलीकडे, त्यामुळे माझं बाळंतपण सासरीच, घरातल्या अंधाऱ्या खोलीत झालं होतं. आता तीच खोली माझी डार्करूम होती. दारावरची गोधडीसुद्धा तेव्हाचीच. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून मी अंधारात फिल्म धूत होते. पाय लेकीला झोका देत होता, हात फिल्म औषधात खालीवर करत होते. तेवढ्यात बाहेर चेअरमनांचा आवाज आला.

"फोटो झाला का? आम्हाला आत्ताच पाह्यचाय. उघडा दार!"

उजेडाची एक तिरीप आली असती तरी सगळं संपलं असतं. माझे हात औषधात, पायाला दोरी.

"काहून वरडून राह्यले?" सासूबाई दारात आडव्या आल्या. "बाळंतिणीच्या खोलीत गड्यामाणसाचं काय काम?"

"अजून बाळंतीणच हाये का?"

"मंग? उजेड न्हाई, वारं न्हाई, आत जायचं तर हात धुऊन. बराबर बाळंतपणच हाये. निघा!"

मेहुण्यासकट चेअरमन मागे सरले. डार्करूमचे नियम मी सासूबाईंना कधी शिकवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी चेअरमनांनी फोटो हातात धरला. हार, फेटा, मिशी, सगळं ठळक आलं होतं. मग त्यांचं बोट खाली गेलं. त्यांच्या बुटांपुढे दोन डोक्यांची लांब सावली पडली होती.

"हे काळं काय हाये?"

मी तोंड उघडण्याआधीच सासूबाई म्हणाल्या, "माझी सून अन् नात. त्यांच्याबिगर तुमचा फोटो निघाला असता का?"

फोटो सोसायटीच्या भिंतीवर लागला, सावलीसकट.