पोत्यांचा काटा

आमच्या दुकानात मिरचीची पोती तोलायचा काटा आहे. जमिनीला लागून लोखंडी पत्रा, आणि वर दांड्याला लाल आकड्यांची पाटी. लालबागला मसाल्याच्या गल्लीत मी बरीच वर्षं काम करतो. बायका मिरच्या, धणे, खडे मसाले निवडून आणतात, आम्ही ते भाजून डंखाच्या यंत्रावर कुटून देतो. माल आत घेताना वजन, देताना वजन. त्या काट्यावर मी जगाचा माल तोलला. स्वतः चढलो तो दादासाठी.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचं गाव आजऱ्याच्या पुढं. नववीत शाळा सोडून मी मुंबईला आलो, तेव्हा घरात असं ठरलं होतं की दोघांतल्या एकानं घर सोडायचं आणि एकानं घर धरायचं. मी सोडणारा झालो. सोडणारा सणाला येतो, पाहुण्यासारखा जेवतो, पोरांना खाऊ देतो आणि परत जातो. धरणाऱ्याला सुट्टी नसते. वडिलांचं दुखणं, आईचा मोतीबिंदू, बांधावरची भांडणं, माझी बायको आणि मुलगी गावालाच असतात त्यांचं अडीअडचणीचं सगळं, दादानं काढलं. एकदाही बोलून दाखवलं नाही. मला ते उलट जास्त लागायचं. बोलला असता तर थोडं हलकं झालं असतं.

त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. तो आणि आई मुंबईला आले, दादरच्या एका धर्मशाळेत राहिले. आठवड्यातून तीन वेळा परळला डायलिसिस. वहिनीचं रक्त जुळलं नाही. माझं जुळलं. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा मला इतका आनंद झाला की त्यांच्या पुढच्या वाक्याकडे माझं लक्षच नव्हतं. ते म्हणाले, या वजनावर आम्ही तुम्हाला टेबलावर घेणार नाही, साखरही काठावर आहे. ऐंशीच्या आत या, मग पुढचं बघू.

मी त्र्याण्णव होतो.

दुसऱ्या दिवसापासून दुकान उघडलं की मी आधी काट्यावर चढायचो. हमाल लोक टपलेलेच असायचे. ओली मिरची वजनाला जास्त भरते, त्यामुळे आमच्याकडे माल आला की पहिला संशय ओलाव्याचा. तर एकजण आकडा वाचायचा आणि दुसरा म्हणायचा, "माल ओला आहे शेठ, अजून चार उन्हं द्यायला लागतील." शेठसुद्धा गल्ल्यावरून हसायचे. मला राग येत नसे. उन्हं मिळत होतीच. मसाल्याचा सीझन होता, भट्टीजवळ उभं राहून घाम गळायचा. हॉस्पिटलातल्या आहाराच्या मॅडमनी सांगितलं तसं भात वाटीभर, तळलेलं बंद, चहा बिनसाखरेचा. काम सुटलं की लालबागहून दादरपर्यंत चालत जायचो, दादाला भेटायला. वाटेत वडे तळत असायचे. मी रस्त्याच्या पलीकडून जायचो, एखाद्या माणसाला तोंड चुकवावं तसा.

सीझन संपेपर्यंत शहाऐंशीवर आलो. दादा खाटेवर पडून माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "बारक्या, माझी किडनी संभाळून ने-आण कर हां. वडापावला लावू नकोस तिला." मी पोट आत ओढून दाखवायचो. आई शेजारी बसून लसूण सोलत असायची, ती म्हणायची गप्प बसा दोघं, शुभ बोला.

मग काटा अडकला.

आज शहाऐंशी, उद्या शहाऐंशी, पुढच्या आठवड्यात शहाऐंशी. मला आधी वाटलं काटाच बिघडला. शेठच्या नकळत मी वीस किलोचं धण्याचं पोतं ठेवून बघितलं. वीस दाखवलं. म्हणजे बिघाड माझ्यात होता. मी भात बंद केला. सकाळचं खाणं सोडलं. एक दिवस डंखापाशी डोळ्यांपुढं अंधारी आली आणि शेठनी सगळ्यांसमोर झापलं, मरायचं असेल तर गावी जाऊन मर म्हणाले, आणि मग स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी पुढं केली. आकडा तरी तोच.

मॅडमकडे गेलो तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. त्या शांत होत्या. म्हणाल्या, असं होतं, बहुतेकांचं होतं. आधी भराभर उतरतं, मग शरीर थोडक्यात भागवायला शिकतं आणि एका जागी ठाण मांडून बसतं. उपास करू नका, पोटभर डाळ, भाजी खा, झोप नीट घ्या, आणि काट्याकडे रोज बघणं सोडा. कंबर मोजा. मग विचारलं, जेवण कोण बनवतं, तेल-तूप किती असतं? मी म्हणालो खानावळीत जेवतो, तिथल्या मावशी तेल कमीच घालतात. शिकलेल्या माणसासमोर माझं असं होतं. उत्तर बरोबर आहे की नाही यापेक्षा लवकर द्यावं असं वाटतं.

कंबर मोजायला मी पोती शिवायची सुतळी घेतली. पोटाभोवती गुंडाळून जिथं टोक येईल तिथं गाठ. ती सुतळी पँटच्या खिशात ठेवायचो. काटा हलत नव्हता पण गाठ कधीमधी बोटभर आत यायची, आणि त्या बोटभरावर मी आठवडा काढायचो. गणपती आले. तेव्हा आमच्या भागात चालणं म्हणजे गर्दीत एका जागी उभं राहणं. मग मी खोलीच्या जिन्यावर चढ-उतार करायचो. डिलाईल रोडला आमच्या गावकऱ्यांची सामायिक खोली आहे, तिथले लोक म्हणायचे, ह्याला नवस फेडायचाय वाटतं. दादाचे पाय सुजायला लागले होते. भेटायला गेलो की तो आधी थट्टा करायचा. पुढं पुढं थट्टा करायला त्याला दम लागायचा. मग मीच सांगायचो, दादा, गाठ आत आली. तो मान हलवायचा.

आता मावशीचं सांगायला हवं. खानावळवाल्या मावशी मालवणकडच्या, आमच्या खोलीच्या खालीच त्यांची खानावळ. मुंबईत आलो त्या दिवसापासून त्यांच्या हातचं जेवतो. पहिल्या वर्षी मला टायफॉईड झाला तेव्हा त्यांनी पेज पाजून उठवलं. मी आलो तेव्हा काडी होतो. नंतर जे पोट सुटलं ते त्या आपलं समजायच्या. नवा मेंबर जेवायला आला की माझ्याकडे बोट दाखवायच्या, "ह्या बघा, इलो तेवा वाऱ्यान उडात असो होतो." खानावळीची पाटी नव्हती, पाटी मीच होतो.

दादाला किडनी देणार हे त्यांना माहीत होतं. त्यासाठी बारीक व्हायला लागेल, हे मी सांगितलं नाही. कसं सांगणार? तुम्ही वाढवलेलं हे पोटच मधे येतंय असं त्यांच्या ताटावर बसून कुठल्या तोंडानं म्हणायचं? मी नुसतं भात नको म्हणायचो. एवढ्यावर भागेल असं मला वाटलं.

दसरा झाला. एके दुपारी आई दुकानात आली. एकटी, परळहून विचारत विचारत. गिऱ्हाईक बायकांच्या मागे उभी राहिली, नंबर आल्यावर पुढं झाली. मी घाबरलो, म्हटलं दादाला काही झालं. ती म्हणाली तसं काही नाही. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "माझं जुळतंय म्हणं. सगळ्या तपासण्या झाल्या. वय हाय पर किडनी चांगली हाय म्हणालं डाक्टर."

तपासण्या चालू असल्याचं मला आई-दादा दोघांनीही कळू दिलं नव्हतं. मी म्हणालो आई, दोन महिने थांब. फक्त दोन महिने. मी उतरतोय, गाठ आत येतीय. खिशातून सुतळी काढून दाखवायला लागलो. तिनं सुतळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तुझा काटा हलंस्तवर त्यो टिकंल का?" ती म्हणाली. "आणि तुझी पोरगी अजून ल्हान हाय. माझं काय ऱ्हायलंय?"

ती इकडंतिकडं बघत होती, तिला दुकान पहिल्यांदाच दिसत होतं. काट्याकडे लक्ष गेलं. ह्योच का त्यो, म्हणून विचारलं, आणि चपला काढून, देवळात चढावं तशी वर चढली.

चव्वेचाळीस.

हमाल बघत होते. ओल्या मालाचं कोणी काही बोललं नाही. शेठनी खुर्ची पुढं केली आणि चहा सांगितला. आईनं चहा बशीत ओतून घेतला आणि विचारलं, एवढ्या मिरचीत तुला खोकला लागत न्हाई का रं.

त्या संध्याकाळी मी खानावळीत गेलो आणि मावशींना म्हणालो आज जेवण नको. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं, आई देणार आहे, माझं जमलं नाही, माझ्यानं वजन उतरलं नाही. मावशी हातातली पळी तशीच धरून उभ्या.

"उतरूचा होता?" त्या म्हणाल्या. "अरे, मी तर तुका तूप घालतंय."

गिरण्या चालू होत्या तेव्हापासूनची त्यांच्या सासूची रीत होती. ज्या मेंबरावर काही जड पडलंय, रात्रपाळी, दुखणं, घरात मयत, त्याच्या भाकरीचा पापुद्रा उचलून आत तूप घालायचं आणि त्याला सांगायचं नाही. सांगितलं तर माणूस संकोचानं नको म्हणतो. मी भात नको नको म्हणत राहिलो तसं त्यांना वाटायला लागलं चिंतेनं ह्याची भूक मेली. अंगातला अवयव काढून देणारा माणूस, आणि जेवत नाही. म्हणून त्या दोन्ही वेळच्या भाकरीत, डाळीत, हात सैल सोडून तूप घालत होत्या. काटा अडकला तेव्हापासून.

त्यांनी पदर तोंडाला लावला. मी म्हणालो मावशी, तुमची चूक नाही. ते खरंच होतं. एवढे दिवस मऊ लागणारी ती भाकरी मी रोज खात होतो, आणि मला वाटायचं, काम करून भूक लागली की सगळंच गोड लागतं.

तूप बंद झाल्यावर तीनेक आठवड्यांत काटा हलला. पंच्याऐंशी, मग चौऱ्याऐंशी. मी धावत डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. म्हणाले, तुमच्या आईच्या सगळ्या मंजुऱ्या आल्यात, आणि भावाला आता थांबवता येणार नाही. नंतर मॅडमना मी तुपाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, फरक पडला असेल. पण वजन तसंही अडकतं, तसंही सुटतं, नक्की तुपामुळेच असं मी सांगू शकत नाही. म्हणजे दोष ठेवायला ती जागाही पक्की नाही. मॅडमनी तेल-तुपाचं विचारलं होतं, तेव्हा "मावशींना विचारून सांगतो" एवढं म्हणालो असतो तर. या वाक्यापाशी मी रोज एकदा तरी जाऊन येतो.

ऑपरेशन नीट झालं. दादा बरा झाला. बाहेर आल्यावर पहिलं काय बोलला, तर म्हणाला, बारक्या, तुझ्यापेक्षा आईची चांगली, चरबी न्हाई. हसताना टाके दुखले त्याला. आई दुसऱ्या वॉर्डात भिंतीकडे तोंड करून पडली होती. सावकाश उठेल, डॉक्टर म्हणाले. सावकाशच उठली.

मी काट्यावर चढायचं सोडलं नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही. मॅडम म्हणाल्या साखरेसाठी चालू ठेवा, म्हणून असेल. सवयीनं असेल. थंडीत एका सकाळी पाटीवर एकोणऐंशी आलं. हमाल पोती उतरवत होते, कोणाचं लक्ष नव्हतं. मी खाली उतरलो आणि त्याच पत्र्यावर पहिलं पोतं घेतलं.

शिमग्याला गावी गेलो. सीझनच्या तोंडावर शेठ सोडत नाहीत, या वेळी सोडलं. दादा बांधावर होता, तोंडाला मास्क लावून लोकांना सूचना देत होता. आई अंगणात चुलीपाशी होती. ती नऊवारी नेसते, आणि आयुष्यभर कमरेची गाठ डाव्या अंगाला मारत आलेली. या वेळी गाठ उजवीकडे होती. उठताना तिनं डावा हात कमरेवर ठेवला आणि थोडी थांबली. मी हंडा उचलायला धावलो, तर म्हणाली ठेव, आता मी उचलतच न्हाई, सून उचलती.

मग तिनं मला नीट बघितलं. हाडं दिसायला लागलीत, म्हणाली.

"बारीक झालास रं. खायाला मिळत न्हाई का तिकडं?"

मिळतं की, मी म्हणालो. तिनं ताट वाढलं. भाकरीचा पापुद्रा उचलला, आत तूप घातलं आणि पापुद्रा परत दाबून बसवला. मी बघत होतो. तिनं विचारायच्या आधीच मी दुसरी मागितली.