शॉमबर्गमध्ये न शिजलेला राजमा

शिकागोच्या विमानतळावर माझं स्वागत ज्वारीच्या जप्तीने झालं. दक्षिण सुदानमध्ये लढाई थांबल्यावर घरी परतलेल्या लोकांपर्यंत धान्य पोचवणं हे माझं काम. तिथली मूठभर ज्वारी दात्यांना दाखवायला म्हणून पुरचुंडीत बांधून आणली होती. "खायचं काही आणलंय का?" अधिकाऱ्याने विचारलं आणि मी खरं सांगून बसले. सोलापूरच्या शाळेत लागलेली ही वाईट खोड. त्याने हातमोजे चढवले, पुरचुंडी दोन बोटांत धरली आणि डब्यात टाकली. वर "हॅव अ नाइस डे" म्हणाला. मी म्हटलं, बघते कसा होतोय.

न्यायला रोहित आला होता. मूळचा नागपूरचा, इथे आयटीत, आणि मराठी मंडळातला सगळ्यात तरुण सभासद. म्हणजेच मंडळाचा ड्रायव्हर.

"ताई, कंटेनर ऑलमोस्ट फुल झालाय. लोकांनी जबरदस्त रिस्पॉन्स दिला यार."

मंडळ आमच्या तिथल्या शाळेसाठी जहाजाने धान्याचा कंटेनर पाठवणार होतं. आणि मी आले होते तो थांबवायला. जहाज, मग बंदर, मग ट्रक, असं करत माल आमच्याकडे पोचेपर्यंत पावसाने मातीचा रस्ता बंद होतो आणि पुढे कित्येक महिने तिथे काही जात नाही. त्या भाड्याचे पैसे आत्ता मिळाले तर त्याच देशातल्या शेतकऱ्यांकडून ज्वारी घेऊन शाळेचं कोठार वेळेत भरता येतं. नाही मिळाले तर मुलांचं दुपारचं जेवण बंद. जेवण बंद म्हणजे शाळा बंद, कारण मुलं त्या एका जेवणासाठीच येतात. हे सगळं मी ईमेलने वारंवार कळवलं होतं. दर वेळी उत्तरात नमस्काराचं चित्र आलं.

वाटेत डेव्हन ॲव्हेन्यूला थांबलो. साड्या, मिठाया, पाणीपुरी, सगळं एका रस्त्यावर. नव्या नमुन्यासाठी ज्वारी मागितली, तर ती औषधी पदार्थांच्या फळीवर, तिच्या आजीलाही ओळखू येणार नाही अशा चकचकीत पिशवीत बसलेली. "शुगर है क्या, बहनजी?" दुकानदाराने आपुलकीने विचारलं. "नाही, भूक आहे," मी म्हटलं. त्याने लगेच समोसे दाखवले. ते मात्र झकास होते. खाऊन बाहेर येईपर्यंत रोहितच्या गाडीला पार्किंगचा दंड लागला होता.

शॉमबर्ग हे शिकागोचं सुखवस्तू उपनगर. हिरवळी विंचरून ठेवलेल्या. फूटपाथही सुंदर, फक्त त्यांच्यावर चालणारी माणसं मागवायची राहून गेलीत. मंडळाचे अध्यक्ष जयंतकाका निवृत्त इंजिनियर, त्यांच्या पत्नी सुधाकाकू निवृत्त डॉक्टर. काकांनी मला चहाआधीच बेसमेंटमध्ये (तळघरात) नेलं. जमिनीपासून छतापर्यंत राजमा. घाऊक दुकानात सेल लागला होता म्हणे. प्रत्येक पिशवीवर नीट छापलेली मराठी चिठ्ठी: 'रात्रभर भिजत घाला. पाच शिट्ट्या करा.'

मी ती पुन्हा वाचली. "काका, कसल्या शिट्ट्या?"

"अगं, कुकरच्या."

"तिथे कुकर नाहीयेत."

"कुणाकडेच?" काका खरोखरच चकित झाले. चंद्रावर हवा नाही हे त्यांना माहीत होतं. जगात कुकर नसलेलं स्वयंपाकघर असतं, हे नव्हतं.

मी सांगितलं की तिथे तीन दगडांची चूल असते. सरपणाला बायका दूर जातात आणि रानात अजून सुरुंग पुरलेले आहेत, म्हणून एका मोळीत दिवस काढायचा असतो. आसीदा (ज्वारीच्या पिठाची घट्ट उकड) तेवढ्यात होते, राजमा होत नाही. काका म्हणाले, "तू जरा निगेटिव्ह विचार करतेस."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्याच परसात कार्यकारिणीची सभा होती आणि पॉटलक (ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायचं जेवण). मी म्हटलं, ठीक आहे, राजमा शिजवून दाखवा. पेट्रोल पंपावर मिळते तशी लाकडांची एकच मोळी रोहितने आणली. तीन दगड मांडले, रात्रभर भिजवलेल्या राजम्याचं मोठं पातेलं चढवलं. सुधाकाकूंनी मसालेभात, वडे, श्रीखंड सगळ्यावर झाकणं घातली आणि जाहीर केलं, "हा शिजला की मगच जेवायचं."

पहिला अर्धा तास फार मजेत गेला. फोटो निघाले. मग धूर फिरला आणि बायकांच्या पैठण्या खोकू लागल्या. शेजारी कुंपणावरून डोकावला. "एव्हरीथिंग ओके?" काकांनी "कल्चरल प्रोग्रॅम" असं सांगून त्याला वाटेला लावलं. लाकडं संपली तेव्हा राजम्याचा दाणा दाताखाली कटकन वाजत होता.

"आय ॲम स्टार्विंग यार," रोहित म्हणाला आणि माझ्याकडे बघून त्याने जीभ चावली.

मला वाटलं, जिंकले. पण इंजिनियर कधी हरत नाही. काका उभे राहिले. "सोपं आहे. प्रत्येक कुटुंबाला राजम्यासोबत एकेक कुकर. ठराव मांडतो." दोघांनी लागलीच अनुमोदनही दिलं. मला रडू यायचं बाकी होतं. माझ्या डोळ्यांसमोर शाळेचं रिकामं कोठार, आणि त्यात ओळीने मांडलेले नवेकोरे कुकर.

"आणि रिंग?" सुधाकाकूंनी विचारलं.

"कसली रिंग?"

"झाकणाची. इतकी वर्षं अमेरिकेत राहतोय, तरी आपल्या कुकरची रिंग पुण्याहून येते. मागे वन्संना यायला उशीर झाला तर महिनाभर तुम्ही कच्ची डाळ म्हणून कुरकुरत होतात. तिथल्या बायकांना कोण आणून देणार? वन्सं?"

 परसात जमलेल्यांत एकही घर असं नव्हतं, ज्यात भारतातून सामानात आलेली रिंग जपून ठेवलेली नाही. युद्ध, पाऊस, रस्ता, सुरुंग, माझ्या सगळ्या ईमेलना जे जमलं नाही ते एका रबराने केलं. कंटेनर रद्द झाला, भाड्याचे पैसे ज्वारीला द्यायचं ठरलं. राजमा शिकागोतल्या एका अन्नछत्राला गेला, तिथे गॅस होता. काका दोन दिवस माझ्याशी बेताचंच बोलले, पण पैसे त्यांनी दुसऱ्याच सकाळी पाठवले. माणूस हट्टी, पण कामाला चोख.

मी परत पोचले तेव्हा आभाळ भरून आलं होतं. शेवटचा ट्रक चाकं रुतत, गावकऱ्यांनी ढकलत कोठाराशी आणला. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या न्यादेंगने पोत्यात हात घालून ज्वारी हुंगली आणि विचारलं, हे कुणी पाठवलं. मी मोठ्या तोऱ्यात सगळी हकिकत सांगितली, नकलांसकट. पैठण्या, धूर, कच्चा राजमा आणि झाकणाखालचं श्रीखंड, सगळं. बाकीच्या बायका पोट धरून हसल्या.

न्यादेंग हसली नाही. म्हणाली, "मग ते उपाशीच राहिले?"

"नाही, नाही. नंतर जेवले."

"सगळे?"

"सगळे."

"मग बरं," ती म्हणाली आणि ज्वारी निवडायला बसली.  हजारो मैलांवरून मदत आणल्याचा माझा तोरा उतरला. शॉमबर्गच्या लोकांच्या जेवणाची चौकशी मीसुद्धा केली नव्हती.