तपासणीबाईंचा हेडफोन

“जिन्यात हळू बोला, वर ऐकू जातं,” असे आमच्या इमारतीत सगळे एकमेकांना बजावत. वर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, उजव्या हाताच्या दोन खोल्यांत. तिथे एकट्या राहणाऱ्या बाईंचे कान फार तिखट आहेत, अशी त्यांची ख्याती होती. तळमजल्यावरच्या वहिनी शपथेवर सांगत, “माझा नळ नुसता ठिबकत होता, तर बाई वरून उतरून आल्या आणि म्हणाल्या, वॉशर बदला.” त्यावर दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणत, “एकटं माणूस. करणार काय? दुसऱ्यांचे नळ ऐकणार.” सगळे हसत, पण बाई जिन्यात दिसल्या की बोलणे तिथेच थांबे.

बाईंचे कामच ऐकण्याचे होते. अंधांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका संस्थेत त्या एकतीस वर्षे तपासनीस होत्या. काचेपलीकडच्या खोलीत कुणीतरी पुस्तक वाची, आणि नंतर बाई तेच छापील पुस्तक समोर उघडून, हेडफोन लावून, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत. गिळलेले अक्षर, पान उलटल्याची सळसळ, खुर्चीची कुरकुर, वाचणाऱ्याच्या पोटातली गुरगुर, जे जे पुस्तकातले नाही ते मिनिट-सेकंदासह त्यांच्या वहीत उतरे आणि तेवढा भाग पुन्हा वाचला जाई. वाचणारी मंडळी त्यांना तपासणीबाई म्हणत आणि जरा टरकून असत. सकाळच्या पाळीत येऊन वाचून जाणाऱ्या एका वयस्क गृहस्थांना बाईंनी कधी पाहिलेही नव्हते. एकदा त्यांना बाईंची चिठ्ठी गेली : ‘नवी कवळी सैल आहे. शिट्टी ऐकू येते. दाखवून घ्यावी.’ गृहस्थांनी कवळीचे तोवर घरातही कुणाला सांगितले नव्हते.

दिवसभर बाईंच्या कानात माणसे असत. त्यांतले एकही त्यांच्याशी बोलत नसे. याबद्दल त्यांची काही तक्रार होती असे मला कधी वाटले नाही. संध्याकाळी त्या घरी येत, दार लावून घेत आणि मग वरून भांड्याचाही आवाज येत नसे.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा व्यवस्थापकांनी सांगितले की काम बंद करायचे कारण नाही, ध्वनिमुद्रणे घरी पाठवू. मात्र संस्थेचा हेडफोन संस्थेतच राहील. बाईंनी आपला घ्यावा, आणि चांगला घ्यावा. शेवटच्या वर्षात एका श्रोत्याचे पत्र आले होते. बाईंनी मंजूर केलेल्या एका पुस्तकात मागे सतत बारीक शीळ वाजते, असे त्यात होते. बाईंनी ते पुस्तक पुन्हा ऐकले. त्यांना काही सापडले नाही. “हेडफोन जुना झालाय. गाद्या फाटल्यात, तारही ढिली आहे,” असे त्यांनी व्यवस्थापकांना सांगितले होते, आणि ते खरेही होते.

मी तेव्हा काकांच्या शेजारी भाड्याने राहत असे. एका रविवारी सकाळी बाई माझ्या दाराशी उभ्या राहिल्या. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

“तुम्हाला फोनवर दुकानं शोधता येतात का?”

“कसली दुकानं, बाई?”

“भारी हेडफोनची. पण जिथे आधी ऐकू देतील अशी. न ऐकता मी काही घेत नाही.”

अशी दुकाने शोधणे हे वाटले त्यापेक्षा अवघड निघाले. फोनवर सगळेच “या ना, या” म्हणत. पहिल्या दुकानात काचेच्या कपाटात वीस-पंचवीस हेडफोन मांडलेले होते. विक्रेत्याने एक काढून दिला. बाईंनी तो लावला आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग विक्रेताच म्हणाला, “हा नुसता दाखवायचा आहे, बाई. आत काही नाही. खरा डब्यात. डबा उघडला की घ्यावा लागतो.”

बाई हेडफोन उतरवत म्हणाल्या, “तरीच. उगाच बडबडत नव्हता.”

दुसऱ्या दुकानात ऐकू देत होते. परंतु त्यांनी ठरवलेले एकच गाणे, तेही छातीत धडधडणारे. तिसरे वाद्यांचे दुकान होते. तिथला माणूस भला होता, त्याने चार हेडफोन पुढ्यात ठेवले, पण हातभर अंतरावर एक गिऱ्हाईक ढोलके बडवून पाहत होते. तरीही तिथे बाईंना आपला नमुना पहिल्यांदा लावता आला.

हा नमुना म्हणजे चाळीस सेकंदांचा एक उतारा. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका वाचकाचे ध्वनिमुद्रण तपासताना बाईंनी वहीत लिहिले होते : ‘मनगटी घड्याळाची टिकटिक, अखंड.’ तेव्हाच्या व्यवस्थापकांना ती ऐकू येईना. त्यांनी आवाज वाढवला, डोळे मिटले, तिसऱ्या वेळी मान हलवली. दुसऱ्या दिवशी वाचनाच्या खोलीच्या दारावर पाटी लागली, ‘घड्याळ काढून आत यावे.’ तो नापास झालेला उतारा बाईंनी जपून ठेवला होता. जो हेडफोन ही टिकटिक दाखवील तो कामाचा, असा त्यांचा साधा हिशेब होता.

वाद्यांच्या दुकानात चारही हेडफोन नापास झाले. “ढोलकं वाजत होतं ना,” मी म्हणालो. बाई म्हणाल्या, “हं.” पुढच्या दोन दुकानांत ढोलके नव्हते. तिथेही त्यांनी हेडफोन उतरवून ठेवले आणि तोच शेरा दिला : “नाही. यात येत नाही.” एका विक्रेत्याने मला बाजूला घेऊन विचारले, “आजींना नक्की घ्यायचंय, की फिरायला आल्यात?” हे बाईंना ऐकू गेले नाही. तेव्हा मी ते गर्दीच्या खात्यावर टाकले.

शेवटचे दुकान दुकानासारखे दिसतच नव्हते. एका कचेऱ्यांच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, आधी वेळ ठरवून जायचे. आत जाड पडदे, गालिचा, एक खुर्ची आणि भिंतीला टांगलेले तीसेक हेडफोन. मालक पन्नाशीचा, शांत माणूस. प्रत्येक हेडफोनच्या गाद्या तो कापडाने पुसून मगच हातात देई. त्याने घाईही केली नाही आणि किमतीही सांगितल्या नाहीत.

“तुम्ही एरवी काय ऐकता?”

“माणसं वाचतात, ते.”

“गाणं?”

“गाण्यातल्या चुका काढायचे मला कुणी पैसे देत नाही.”

तो हसला आणि त्याने नमुना आपल्या यंत्राला जोडला. पहिला हेडफोन, नाही. दुसरा, नाही. पाचव्याला मालकाने विचारले, “नाही म्हणजे काय नाही? मला कळलं तर बरा काढून देता येईल.”

“त्या माणसाच्या हातात घड्याळ आहे. ते ऐकू यायला हवं.”

मालकाने पाचवा हेडफोन स्वतःच्या कानांना लावला आणि चाळीस सेकंद जमिनीकडे पाहत ऐकले. मग पहिला पुन्हा लावून ऐकले. तो इतका अवघडला की बोलण्याआधी त्याने कापडाची घडी दोनदा मोडली.

“बाई, घड्याळ आहे यात.”

“कितव्या सेकंदाला?”

“पहिल्यापासून. थांबतच नाही.”

मालकाने आतून एक मोठा हेडफोन आणला. त्याच्या बाहेरच्या बाजूला जाळी होती. असल्या हेडफोनमधला आवाज थोडा बाहेरही सांडतो, हे मला त्या दिवशी समजले. “मी नुसते सूर लावतो,” तो म्हणाला. “खालून वर चढत जातील. ऐकू येतंय तोवर हात वर ठेवा.”

बाईंनी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. घोगरा सूर, मग मधला, मग तार. मी तीन हातांवर बसलो होतो आणि जाळीतून झिरपणारा आवाज मला बारीक ऐकू येत होता. तो आणखी चढला, सुईसारखा झाला. बाईंचा हात खाली आला आणि मांडीवर स्थिरावला. सूर चालूच होता. तो खोलीत मला ऐकू येत होता, मालकाला ऐकू येत होता. ज्यांच्या कानांवर तो वाजत होता त्या बाई मात्र, कधी सुरू होते याची वाट पाहावी तशा, मालकाच्या तोंडाकडे पाहत होत्या. त्याने यंत्र बंद केले.

“संपलं?” बाईंनी विचारले.

“हो.”

“तुम्ही थांबवलंत, की त्याआधीच माझं संपलं?”

मालकाला खोटे बोलता आले असते. तो म्हणाला, “आधी. वयाबरोबर होतंच ते, बाई. वरचे आवाज पहिले जातात. बोलणं तुम्हाला उत्तम ऐकू येतंय, ऐकायला यातला कुठलाही घ्या. पण तुम्ही म्हणता त्या कामासाठी मी तुम्हाला एकही विकणार नाही.”

“म्हणजे आधीच्या तीन दुकानांत नापास केलेले हेडफोन चांगलेच होते,” बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी उचलली. “त्या वाद्यवाल्याला उगाच नावं ठेवली.”

आम्ही परतलो. इमारतीच्या दाराशी तळमजल्यावरच्या वहिनी कुणाशी तरी बोलत होत्या, त्या बाईंना पाहून सवयीने गप्प झाल्या. बाई पायरीवर थांबल्या. “बोला हो,” त्या म्हणाल्या, “खुशाल बोला.” आणि वर गेल्या.

त्यांच्या खोल्या मी दोन दिवसांनी प्रथम पाहिल्या. टेबल, एक खुर्ची, आणि खिडकीच्या कडांना आवाज अडवण्यासाठी डकवलेल्या लोकरीच्या पट्ट्या. माझ्यासाठी त्यांनी स्वयंपाकघरातले स्टूल आणले. तपासणीच्या वह्या त्यांनी संस्थेतून मागून आणल्या होत्या. श्रोत्याच्या पत्राच्या दोन वर्षे आधीपासून त्यांनी मंजूर केलेल्या पुस्तकांची यादी करायची होती. त्या नावे सांगत, मी लिहीत असे. छत्तीस पुस्तके झाली. छत्तिसाव्यानंतर त्या म्हणाल्या, “अजून एक वर्ष मागे जाऊ.”

ती यादी न्यायला आणि पाकिटात घातलेला ध्वनिमुद्रणांचा पहिला संच पोचवायला व्यवस्थापक स्वतः आले. चाळिशीचे, गोड बोलणारे, बाईंना मान देणारे गृहस्थ. कानांचे बाईंनी त्यांना फोनवर सांगितलेच होते, पण यादी पाहून ते हादरले. “बाई, एवढं सगळं परत कोण ऐकणार? माणसं आहेत कुठे? आणि एका पत्रावरून?”

“पत्र एकानं लिहिलं. ऐकलं किती जणांनी?”

“अहो, तुमच्या नावावर चालते संस्था. आता मशिनवरही बारीक आवाज पुसता येतात. तुम्ही फक्त शब्द बघा, बाकी राहू द्या. सही तुमची असली की पुरे.” त्यांनी संच टेबलावर, बाईंच्या हाताला लागेल असा सरकवला. “घरी एकट्या बसून तरी काय करणार तुम्ही?”

हे त्यांनी मायेने विचारले होते. बाईंनी टेबलावरचा संच पाहिला. पुढची काही वर्षे रोज कुणीतरी येऊन त्यांच्या कानात वाचणार होते, ते सगळे त्या पाकिटात होते. त्यांनी ते हातात घेतले, थोडा वेळ तसेच धरले आणि व्यवस्थापकांच्या हातात परत दिले.

“दुसरं कुणी बघा. आपल्या श्रोत्यांना दिसत नाही, ऐकू सगळं येतं.”